५० साइझचं नायट्रो हेली (रिमोटवर उडणारं, ०.५० घन इंच इंजिनचं मॉडेल हेलिकॉप्टर): हॉव्हरला थरथर, पिच दिली की इंजिन गुदमरतं

प्रश्न: मंडळी, ग्लो इंजिन (ग्लो प्लगवर चालणारं), इंधनात ३० टक्के नायट्रोमिथेन. आयडलला (कमी वेगात, न उडता) ठीक. हॉव्हरमध्ये (हवेत एका जागी थांबलं की) शेपटीचं फिन (उभा पंख) इतकं थरथरतं की कडा धूसर दिसते. इंधनाच्या टाकीत ताकासारखा फेस. पिच दिली (ब्लेडचा कोन वाढवला) की आवाज कोरडा, धूर गायब. ब्लेड बॅलन्स केलेत, ट्रॅकिंगही (दोन्ही ब्लेड एकाच पातळीत फिरणं) बरोबर. नीडल (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) किती उघडू?

उत्तर: नीडलला हात लावू नका राव! फेस थरथरीमुळेच होतोय; त्याचे बुडबुडे कार्ब्युरेटरात गेल्यावर मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होणारच. मेन रोटरचा दोष असता तर अख्खं हेली हललं असतं. फिनची कडा धूसर म्हणजे जोरात फिरणारं काहीतरी: इंजिन थंड ठेवणारा पंखा, क्लच, नाहीतर शेपटीचा रोटर. मेन आणि शेपटी, दोन्हीकडची ब्लेड काढून चालवा. थ्रॉटल जपून, लोड नसलं की इंजिन पळत सुटतं. थरथर तशीच राहिली तर पंख्याला डायल गेज (डोलणं मोजणारं घड्याळ) लावा, डोलणं ०.०५ मिमीच्या आत हवं.

उत्तर: थरथर शोषणारा टाकीखालचा स्पंजही बघा. दबून पापड झाला असेल.

प्रश्नकर्ता: पंखाच निघाला, ०.१८! नट सोडून पंखा थोडा फिरवून बसवला, आता ०.०४. फेस गेला. पण आता धूर भरपूर.

उत्तर: आयडलला इंधनाची नळी चिमटा. लगेच बंद पडलं तर लीन. बराच वेळ आरपीएम (इंजिनचे फेरे) चढून मग बंद पडलं तर रिच (इंधन जास्त).