कांदा डेंगळ्यात मधली पात सडतेय, फुलकिडे जिवाणू पसरवतात का?

बांधावरचा:
मंडळी, कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट आहे, कंपनीशी करार. डेंगळे (फुलांचे दांडे) निघायला लागलेत आणि काही झाडांची मधली पात पांढरी पडून सडतेय, ओढली की अलगद हातात येते, वासही मारतो. दुकानदाराने करपा म्हणून बुरशीनाशक दिलं, फरक शून्य. पातीच्या बेचक्यात फुलकिडे मात्र खच्चून भरलेत. त्यांचंच काम असेल का?

कीडरोगवाला:
असू शकतं. पॅन्टोईया नावाच्या जिवाणूने असंच होतं, अमेरिकेत जॉर्जियात 1997 ला कांद्यात दिसला तेव्हापासून तिथले लोक हैराण आहेत. फुलकिडा जिवाणू टोचतो असं नाही बरं का, तो किड्याच्या पोटात टिकतो, विष्ठेतून पातीवर पडतो आणि किड्यानेच खरवडलेल्या जागेतून आत शिरतो. म्हणजे दार पण त्याचंच आणि पाहुणा पण त्यानेच आणलेला. जॉर्जियात बांधावरच्या तणांवर पण हा जिवाणू सापडलाय, तेव्हा तण आधी काढा. जिवाणूवर बुरशीनाशक कसं चालेल? पण नुसत्या वर्णनावरून छातीठोक सांगता येत नाही, नमुना कृषी विद्यापीठात नाहीतर राजगुरुनगरच्या कांदा संचालनालयात दाखवा.

जालनाकर:
डेंगळ्याच्या दांड्यावर शंकरपाळ्यासारखे फिकट डाग आहेत का बघा. असतील तर तो व्हायरस, आयरिस यलो स्पॉट, तोही फुलकिड्यांचाच, आपल्या जालना-नाशकात 2006 लाच नोंद झालीय. दोन्ही एकदम असले तर मग कल्याणच.

बांधावरचा:
डाग नाहीत. मग आज संध्याकाळी कीटकनाशक मारू का?

जालनाकर:
गोंडे, म्हणजे डेंगळ्यावरचे फुलांचे गुच्छ, उमलले नसतील तर लगेच मारा, स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रावण) टाकून, बेचक्यात पोचलं पाहिजे. पण एकदा फुलं उघडली की हात आवरा, मधमाश्या मेल्या तर बी भरणारच नाही, मग रोग राहिला काय आणि गेला काय सारखंच.

कीडरोगवाला:
बरोबर. सडलेली झाडं उपटून लांब पुरा, त्यांचे गोंडे बियाण्यात अजिबात घेऊ नका, हा जिवाणू बियातूनही जातो. कंपनीच्या फील्डवाल्याला आत्ताच सांगा, नंतर लॉट रिजेक्ट झाला तर भांडत बसावं लागेल. पुढच्या वेळी लागवडीच्या महिनाभर आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी लावा, फुलकिडे बरेच अडतात.

बांधावरचा:
मका लावला असता पण कडेला जागाच सोडली नव्हती. उद्या नमुना घेऊन निघतो, मुळासकट नेऊ की फक्त पात?

कीडरोगवाला:
मुळासकट, कागदात गुंडाळून. प्लास्टिकमध्ये नको, वाटेतच सडतो.