अनुभव धागा: सांधे धरलेत, आता हाडांचा डॉक्टर की ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट?

धागाकर्ती: हे रोजचं काम असलेल्यांनी लिहावं म्हणून हा धागा. ‘आमच्या मावशीला अमुक तेलाने गुण आला’ वगैरे कृपया नको. खुणा, चाचण्या, गोळ्या आणि नेहमी होणाऱ्या चुका लिहा.

परळची_ओपीडी: आधी नावाचा घोळ. संधिवात हा एक आजार नाही, त्यात शंभरावर आजार मोडतात. हाडांचा डॉक्टर सर्जन असतो. फ्रॅक्चर, लिगामेंट, गुडघा बदलणं त्याच्याकडे. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाततज्ज्ञ, मेडिसिनवाला, ऑपरेशन करत नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, किडनीवर उलटते ते आजार त्याचे: आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए), ल्युपस, सोरायसिसचा संधिवात, मणक्याचा स्पॉन्डिलायटिस. युरिक ॲसिड साचून सांधा सुजतो तो गाऊटही.

खूण सकाळी बघायची. उठल्यावर बोटं आखडली आणि पाच-दहा मिनिटांत सुटली, तर बहुधा झीज. अर्धा-एक तास नळ फिरवता येत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही आणि हात चालवल्यावर हळूहळू मोकळं होतं, तर ती सूज. मग जागा बघा. नखाजवळच्या पेराला टणक गाठ हे झिजेचं लक्षण. मधलं पेर आणि बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही हातांत सुजले की आमवाताची शंका. हस्तांदोलन करताना दाबतो तसा पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. कळ आली आणि सूज सहा आठवडे टिकली असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. हाड कुरतडलं जायला पहिल्या काही महिन्यांतच सुरुवात होऊ शकते, आणि गेलेलं हाड औषधाने परत येत नाही.

फिजिओ_मुलुंड: पंचविशी-तिशीतल्या पाठदुखीचं खापर लोकलच्या गर्दीवर आणि ऑफिसच्या खुर्चीवर फुटतं. पण तीन महिन्यांहून जुनी, पहाटे झोपेतून उठवणारी, विश्रांतीने वाढणारी आणि चालल्यावर कमी होणारी पाठदुखी वेगळी. तिला पट्टा आणि सक्तीचा आराम दिला तर ती बिघडते. सोबत डोळा लाल होऊन दुखण्याचा इतिहास असेल, तर नक्की संधिवाततज्ज्ञाकडे. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो. माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय लागू शकतो.

सूक्ष्मदर्शी: ‘आर्थ्रायटिस पॅनेल’ (लॅबचा संधिवाताच्या चाचण्यांचा गठ्ठा) स्वतःहून करून येऊ नका, एवढंच हात जोडून सांगणं. आरए फॅक्टर ही आमवातासाठीची रक्तचाचणी धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो, टीबीत येतो, हिपॅटायटिस सीमध्ये येतो. आणि आमवात असून निगेटिव्हही येतो. आमवातासाठी अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी जास्त नेमकी. ल्युपससारख्या आजारांसाठी करतात त्या एएनए चाचणीचं तसंच: १:८० सारखं कमी प्रमाण लक्षणांशिवाय फारसं काही सांगत नाही.

ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ॲनिमियात उगाच वाढतो, आणि नमुना तासन्‌तास पडून राहिला तर खोटा कमी येतो. सीआरपी हीही सुजेचीच चाचणी, तिचं एकक वाचा. एका लॅबचा १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसरीचा १२ मिलिग्रॅम प्रति लिटर. लॅब बदलली की ‘दहापट वाढलं’ म्हणून घरात रडारड होते, ती याच्यापायी. आणि गाऊटच्या ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

गोळीबंद: मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची नेहमीची गोळी, आठवड्यातून एकदाच. रोज नाही, म्हणजे नाहीच! रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीव जातो. वार ठरवा, चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्या: ‘फक्त रविवारी’. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा छोट्या, पिवळट. सुट्ट्या करून एकाच डबीत टाकल्या की घोळ ठरलेला. लघवीच्या जंतुसंसर्गाला कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा, ही जोडी घातक आहे. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनी) तपासा, पुढे साधारण तीन महिन्यांनी.

दोन दिवसांत ठणठणीत करणाऱ्या बिननावाच्या पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड सापडतं. महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. पुडीच डॉक्टरांपुढे ठेवा.

भांडुपचा_फॅमिली_डॉक्टर: पावसाळ्यानंतर चिकनगुन्याचे सांधे हुबेहूब आमवातासारखे दिसतात. बरेचसे काही आठवड्यांत सुटतात. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर पुढे पाठवावं.

मात्र एकच सांधा लालबुंद, गरम आणि अंगात ताप, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. सांध्यात पू असू शकतो, पाणी काढून तपासावंच लागतं.

परळची_ओपीडी: बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) इंजेक्शनाआधी टीबीची चाचणी आणि छातीचा एक्स-रे मागतात. मुंबईत तर ते टाळूच नका. दबलेला टीबी या औषधांनी उसळतो. पालिकेच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे, पण ओपीडीचे वार ठरलेले असतात, आधी विचारून या. येताना औषधांची रिकामी पाकिटं आणा. आणि सकाळी सात वाजता सुजलेल्या हाताचा फोटो काढून ठेवा. अकराला नंबर लागेपर्यंत सूज ओसरलेली असते.