मदत हवी आहे : नवा टीव्ही, जुना रिसीव्हर आणि गप्प मधला स्पीकर

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर, राजारामपुरी. बाबा 78 वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण रात्रीचा जुना मराठी सिनेमा चुकत नाही. त्यांच्यासाठीच 2008 चा 5.1 रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अँप्लिफायर) जपलाय. मधल्या स्पीकरमधून संवाद स्वच्छ येतात आणि तेवढाच आवाज वाढवता येतो.

मागच्या महिन्यात टीव्ही बदलला. रिसीव्हरला एआरसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणायची सोय, नाही (ती 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये आली), म्हणून टीव्हीतून ऑप्टिकल वायर ओढली. आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून येतो. मधल्याच्या जाळीला कान लावला, साधी खरखरही नाही. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'पीसीएम' (कॉम्प्रेस न केलेला साधा डिजिटल आवाज) दिसतं. डीव्हीडी प्लेअर थेट जोडला की 'डॉल्बी डिजिटल' (कॉम्प्रेस केलेला 5.1 आवाज) उमटतं आणि पाचही स्पीकर बोलतात. दुकानदार म्हणतात, रिसीव्हर गेला, नवा घ्या. मला पटत नाही.

टीव्हीत पीसीएम, डॉल्बी डिजिटल आणि पास-थ्रू असे तीन पर्याय आहेत. पास-थ्रू केलं की ओटीटीचा आवाजच बंद होतो. काय लावू?

प्रतिसाद :
दादा, रिसीव्हर टाकू नका, तो ठणठणीत आहे. ऑप्टिकलमधून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं, म्हणून मधला गप्प. पास-थ्रूमध्ये टीव्ही आलेला सिग्नल तसाच पुढे ढकलतो. ओटीटीचा 5.1 बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो आणि ऑप्टिकलवर तो चालत नाही. 'डॉल्बी डिजिटल' लावा, म्हणजे टीव्ही त्याचं साध्या डॉल्बीत रूपांतर करून देईल.

पण बाबांचे जुने सिनेमे मुळात मोनो. तिथे कुठलंही सेटिंग लावलं तरी मधल्यासाठी वेगळा आवाज नसतोच. त्यासाठी रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' लावा. डाव्या-उजव्यात जे सारखं असतं, ते तो मधल्या स्पीकरकडे वळवतो. मोनोत दोन्हीकडे सारखंच, म्हणजे सगळा आवाज मधून येईल. रिसीव्हर 'स्टिरिओ' मोडवर अडकलाय का, तेही बघा.

धागाकर्ता :
स्टिरिओवरच होता! टीव्ही बदलताना रिमोटवर कुणाचा तरी हात लागला असणार. प्रो लॉजिक केलं, मधला 3 डेसिबलने वाढवला. काल रात्री निम्म्या सिनेमात बाबा म्हणाले, "जरा कमी कर की रे." कित्येक वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. मनापासून आभार.

एकच राहिलं : ओटीटीवर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. रिसीव्हरचा डिले (आवाज मुद्दाम उशिरा सोडायचं सेटिंग) शून्यावरच आहे. टीव्हीत काही बदलता येईल का?