प्लानित्साला स्की जम्पिंग बघायला आई-बाबांना नेऊ का?

परळकर:
मार्चएंडला आई-बाबांना घेऊन युरोप, पॅकेज टूर नाही, सगळं आपलं आपणच. स्लोव्हेनियात ल्युब्लियानात मुक्काम आहे आणि आत्ता कळलं की त्याच वीकेंडला जवळच प्लानित्साला स्की जम्पिंगच्या (पायात स्की घालून बर्फाच्या रॅम्पवरून लांब उडी) वर्ल्ड कपची फायनल आहे. बाबा एकदम एक्साइट, आई म्हणते थंडीत उभं राहून लोकांना पडताना काय बघायचं. कोणी गेलंय का?

ठाणे_स्लो:
अरे बिनधास्त जा. रातेचे म्हणून छोटंसं गाव आहे, इटली-ऑस्ट्रियाची बॉर्डर शेजारीच, त्याच्या मागच्या खोऱ्यात हे रॅम्प. माणसाने पहिल्यांदा १०० मीटरच्या पुढे उडी मारली ती इथेच, १९३६ ला, ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल. पहिली २०० च्या पुढची पण इथलीच, १९९४, टोनी निएमिनेन. मग २०११ ला सगळ्यात लांब उडीचा रेकॉर्ड नॉर्वेच्या विकरसुंडच्या रॅम्पने पळवला तो थेट २०२५ ला परत आला, डोमेन प्रेव्हत्स २५४.५ मीटर, घरचाच पोरगा! त्याची बहीण निका, तिने पण २०२५ लाच बायकांचा रेकॉर्ड केला, २३६ मीटर. आता तिथे ढोल-झेंडे घेऊन किती गर्दी असेल विचार कर, गाडी नेऊ नकोस, बसने जा.

फलाटदादा:
मी उलट सांगतो. एक उडी म्हणजे सात-आठ सेकंद, खालून माणूस ठिपक्याएवढा, मग पुढचा ठिपका. मार्चमध्ये बर्फ वितळून पायाखाली चिखल. सीनियर सिटिझन असतील तर तासन् तास उभं राहणं जमेल का ते आधी बघा.

अभ्यासू_माकड:
@फलाटदादा ठिपका खरं, पण तो आवाज टीव्हीवर येत नाही हो, माणूस डोक्यावरून जाताना हवा फाटल्यासारखी होते.

@परळकर आईंना सांग, पडणं क्वचितच. टीव्हीवर वाटतं आकाशात गेला, खरं म्हणजे तो उताराला धरूनच खाली येतो, जमिनीपासून काही मीटर वर फक्त, म्हणून ताशी १०० किमीच्या पुढच्या स्पीडला पण लँडिंग झेपतं. लोकलच्या दारातून हात काढून तळवा तिरका केला की हात आपोआप वर जातो ना, सगळी गंमत तीच. स्की पुढून फाकवल्या की हवा जास्त मिळते, हे स्वीडनच्या यान बोक्लेव्हने ८० च्या दशकात करून दाखवलं, जज त्याचे स्टाइलचे मार्क कापत राहिले तरी १९८८-८९ चा वर्ल्ड कप त्यानेच नेला, आणि आता सगळे तसेच उडतात. आणि नुसतं लांब जाऊन भागत नाही, उतरताना एक पाय पुढे एक मागे, गुडघे वाकवून, नाहीतर मार्क गेले. आईंना ते बघायला सांग, दहाव्या उडीला स्वतःच मार्क द्यायला लागतील.

परळकर:
थँक्स सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं, म्हणते बसायची जागा आहे का तेवढं विचार.

ठाणे_स्लो:
सीटवालं तिकीट लवकर बघ, आणि थर्मास विसरू नकोस.