स्वतःच्याच गावठाणावर थिसिस केला तर चालतो का? ज्युरीने "यात डिझाईन कुठाय" विचारलं

ओटीवरची
नमस्कार सगळ्यांना. मी आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे, राहते घणसोलीला, म्हणजे सिडकोने आखलेल्या नोडमध्ये नाही, जुन्या गावात, नवी मुंबईकरांना फरक सांगायला नको. थिसिससाठी मी आमचं गावठाणच घेतलंय, गल्ल्या, ओट्या, हळदीचा मांडव कुठे पडतो, पाणी कुठे तुंबतं, आणि हे सगळं न पाडता इथे उजेड, हवा, गटार नीट कसं आणता येईल. परवा पहिला रिव्ह्यू झाला. एक सर म्हणाले हे सगळं अनधिकृत बांधकाम आहे, यात डिझाईन कुठाय, आणि तू तिथलीच असल्यामुळे तुला तटस्थपणे बघताच येणार नाही, त्यापेक्षा स्टेशनजवळ एखादं कल्चरल सेंटर कर. मी तेव्हा काहीच बोलले नाही, घरी येऊन रडले मात्र.

माझं म्हणणं असं आहे की चार वर्षं आम्हाला नवी मुंबई शिकवली, सेक्टर, पावसाचं पाणी साठवायचे होल्डिंग पाँड, स्टेशनावरची ऑफिसं, सगळं. पण जो प्लॅन बघावा त्यात सेक्टरमधलं झाडसुद्धा काढलेलं असतं आणि गावाच्या जागी एक राखाडी ठिपका, त्यावर "गावठाण" लिहिलेलं. त्या ठिपक्यात माझ्या आजीचं घर आहे. आजोबांची भातशेती नवी मुंबईच्या संपादनात गेली, मग १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासई-दास्तानला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळायला लागले, हे आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत असतं पण वर्गात एकदाही कोणी सांगितलं नाही. शेत गेलं, गावठाणाची हद्द काही वाढली नाही, घरात माणसं मात्र वाढली. मग अंगणात खोली आली, खोलीवर मजला, त्यालाच आता गरजेपोटीची घरं म्हणतात.

विचारायचं इतकंच की स्वतःच्या गावावर काम करणं म्हणजे पक्षपात होतो का? आणि हे शीटवर मांडायचं कसं?

जुना_ड्राफ्ट्समन
बाळा, रडू नकोस. मी तीस वर्षं ड्रॉईंग बोर्डावर काढली आहेत, एका कन्सल्टंटकडे होतो, तर तो राखाडी ठिपका कसा तयार होतो ते सांगतो. गावाची बाहेरची हद्द सर्व्हेच्या शीटवरून उतरवायची, आत मोजणी करायला वेळ मिळायचा नाही, माणसंही नसायची, मग आत हॅच, म्हणजे नुसत्या तिरप्या रेघा, मारून मोकळं व्हायचं. मी स्वतःच्या हाताने असे हॅच मारलेत आणि तेव्हा त्यात काही चूक आहे असं वाटलंही नव्हतं. पण एकदा हॅच बसला की पुढचा माणूस तिथून पाईप नेतो तो गावाला वळसा घालून, रस्ता नेतो तोही वळसा घालून, कारण कागदावर आत काही नाहीच.

१९६५ मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे शहर वाढवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये हे शहर उभारायला सिडको झाली, क्षेत्र साधारण ३४४ चौरस किलोमीटर आणि त्यात ९५ गावं. (प्रवीणाबाईंचं नाव आजही वर्गात कमीच घेतलं जातं, ते तू घे.) कल्पना मोठीच होती, मुंबईची गर्दी फुटावी, साध्या माणसाला घर मिळावं, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ९५ गावं म्हणजे मोकळी जमीन नव्हे.

तटस्थपणाचं म्हणशील तर बाहेरून येणारासुद्धा कुठूनतरीच बघत असतो, त्याला फक्त ते कोणी विचारत नाही. तू पहिल्या शीटवर सरळ लिही, मी इथली आहे, हे घर आमचं. मग १:५० ला मोज. एक गल्ली घे पण पूर्ण मोज, मोरीची दिशा, नळ, जिन्याखालची शिलाई मशीन, सगळं. मोजलेल्या ड्रॉईंगपुढे "डिझाईन कुठाय" विचारणारा माणूस आधी वाकून बघतो, हा माझा अनुभव आहे.

बेलापूरची_मावशी
मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते, सेक्टर ८, कोरियांनी डिझाईन केलेली वसाहत. तुमच्याकडे केस स्टडी म्हणून शिकवतात तेच, दर वर्षी मुलं कॅमेरे घेऊन येतात आणि पडलेली घरं बघून हळहळतात. त्यांना मी नेहमी सांगते की अगं कोरियांनी सात सात घरं एका चौकाभोवती ठेवली आणि कुठल्याच दोन घरांची भिंत सामायिक ठेवली नाही ती ह्यासाठीच, की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने वाढवावं. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरच्या मधले, म्हणजे श्रीमंताचा नि गरिबाचा फरक फार ठेवलाच नाही. लोकांनी वाढवलं, कोणी चांगलं, कोणी शेजाऱ्याचा वारा अडवून. आमच्या चौकात अजून पापड वाळतात, शेजारच्या चौकात फक्त गाड्या उभ्या असतात.

मला सांगायचं ते हे की आम्ही मजला चढवला तर त्याला इन्क्रिमेंटल हाऊसिंग म्हणून पुस्तकात फोटो येतो आणि तुझ्या आजीने चढवला तर अनधिकृत. इथून दिवाळे कोळीवाडा किती लांब आहे? तिथल्या बायका जाळी नि मासळी जिथे पसरतात ती जागासुद्धा चौकच आहे ना, फक्त तो कुणी आर्किटेक्टने काढलेला नाही. ही तुलना कर. माझ्याकडे ये, घर मोजू देते, चहा पण देते.

माथाडीची_लेक
ताई तुझी पोस्ट दोनदा वाचली, पटली पण एका ठिकाणी अडले म्हणून लिहितेय. मी पण घणसोली गावातच वाढले, पण भाड्याच्या खोलीत. वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत माथाडी, आम्ही पाच जण दहा बाय बारामध्ये, सोबत संडास सहा खोल्यांना एक. तू लिहिलंस ते अंगणात खोली आली, त्या खोलीत आम्ही होतो.

मालकीणबाई खूप चांगल्या होत्या, माझी दहावीची फी त्यांनी भरलेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावाचा नकाशा निघतो तेव्हा घर मालकाच्या नावाने एक मोजलं जातं आणि आत चार चुली असतात. पुनर्विकासाचं बोलणं निघालं की मालकाला किती, बिल्डरला किती, आणि आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर, तोही कधी कधी तोंडी. गावकी म्हणते आमचं गाव, ते खरंच आहे, तुमची जमीन गेली, रक्त सांडलं. पण मग सतरा वर्षं तिथे राहिलेली मी कुठली? यूपीचे, मराठवाड्याचे, आमच्याकडचे, गावात इतके लोक आहेत. सेक्शन काढशील तेव्हा ती मागची खोली कापून जाऊ दे, आणि तिला "स्टोअर" लिहू नकोस, आमच्या मालकांच्या घराच्या प्लॅनवर तसंच लिहिलेलं होतं.

कोपरी_व्हीलचेअर
ठाण्याहून. मी व्हीलचेअर वापरतो, म्हणून गावठाण, कोळीवाडा, जुनं ठाणं याबद्दल कोणी प्रेमाने बोललं की मला आधी पायरी दिसते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, रॅम्पचा उतार १:१२ हवा असं मार्गदर्शक सूचनांत आहे, म्हणजे दीड फुटाच्या ओटीला अठरा फूट रॅम्प, आणि गल्ली असते सहा फुटांची. तिथे प्रत्येक घराला रॅम्प हे कधीच होणार नाही.

पण तुझ्याच विषयात एक उत्तर आहे असं मला वाटतं, ओटी. चेंदणीला माझ्या मित्राच्या आळीत तीन घरांच्या ओट्या एकमेकींना चिकटून आहेत, त्याच्या बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्या लोकांनी मधले कठडे काढले आणि कडेच्या घराशेजारी बोळात भिंतीला धरून एकच उतार केला. आता तीनही घरांत माझी खुर्ची जाते. कुणी आर्किटेक्ट नव्हता, गवंडी आणि शेजारी. असं आणखी कुठे जमेल ते तू मोजून दाखवू शकतेस.

आणि गल्लीच्या लेव्हल घे प्लीज. दर वेळी नवीन काँक्रिट जुन्यावरच चढवतात, रस्ता वर आणि घर खाली, मग पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली ओटीची जुनी उंची आणि आजची उंची शेजारी शेजारी दाखव.

वागळे_साईटवाला
सगळे गोडच बोलतायत म्हणून थोडं कडू. मी ठाण्यात क्लस्टरच्या, म्हणजे अख्ख्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासाच्या, कामावर आहे. आमच्याकडे किसननगरसारख्या भागात इमारती इतक्या खेटून आहेत की दोन खिडक्यांमधून हात मिळवता येतो, आग लागली तर बंब आत जात नाही, पावसाळ्यात धोकादायक इमारतीतून रात्री माणसं बाहेर काढायला लागतात. ते बघितलेला माणूस "न पाडता" हा शब्द इतक्या सहज लिहिणार नाही. ठाण्यातल्या गावठाण-कोळीवाड्यांनी क्लस्टरला विरोध केला तो मला समजतो, उंच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर जाळं कुठे विणणार. पण तुझ्या गल्लीतली कुठली इमारत उभी राहू शकते आणि कुठली नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून लिही. दोन-तीन पाडायला लागतील. त्या कुठल्या, तिथली माणसं तोपर्यंत कुठे राहतील आणि परत कुठे येतील, एवढं जरी तू सोडवलंस तरी "डिझाईन कुठाय" ला उत्तर मिळालं.

ओटीवरची
काल रात्रीपासून चार वेळा वाचलं सगळं. काकांचं ऐकून शनिवारपासून मोजायला लागले, एकच गल्ली, देवळापासून विहिरीपर्यंत. आजी विचारत होती "आपले घराचा नकाशा कनाला काढतंस गो?" मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली, आणि जुनी ओटी कुठपर्यंत होती ते दाखवलं, आजच्या काँक्रिटच्या खाली सव्वादोन फूट. लग्नात धवलारीण जिथे बसून धवला, म्हणजे आमची लग्नाची गाणी, म्हणायची ती जागा आता मीटर बॉक्सच्या मागे गेलीय. कोपरीवाल्या दादा, ह्या लेव्हल मी आतापर्यंत घेतच नव्हते.

माथाडीची लेक, तुझं वाचून आधी राग आला, खरं सांगते, आणि मग मी आमच्याच घराचा प्लॅन काढून बघितला. आमच्या मागच्या दोन खोल्यांवर मी "स्टोअर" लिहिलेलं. तिथे बिहारचं एक कुटुंब आणि नांदेडची दोन मुलं राहतात आणि रोज माझ्यासमोरून जातात. खोडलं. एका गल्लीत मालकांची चौदा घरं आणि चुली एकोणचाळीस निघाल्या, कालपर्यंत मी चौदाच सांगत होते. पण भाडेकरू मला, म्हणजे मालकाच्या मुलीला, खरं कितपत सांगतील? भाडं किती, करार आहे का, हे मी विचारलं की गप्प होतात. तू रविवारी येशील का माझ्यासोबत? प्रश्न तू विचार, टेप मी धरते.

साईटवाले दादा, इंजिनिअर शोधतेय, कॉलेजच्या स्ट्रक्चरच्या मॅडम बघू म्हणाल्यात.

माथाडीची_लेक
येते. सकाळी नको, पाणी सात ते आठ असतं, बायकांना वेळ नसतो. साडेचारला ये विहिरीपाशी.