३८६ : पेज टेबलातली एंट्री बदलली, तरी लिखाण जुन्याच जागी

पंचवटीकर
मंडळी, मामाच्या सातपूरच्या वर्कशॉपमधून भंगारात निघालेलं ३८६ (इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा जुना पीसी) घरी आणलंय. ४ एमबी रॅम. डॉसच्या मेमरी ड्रायव्हरांपैकी ईएमएम३८६ काढलंय, नुसतं हायमेम ठेवलंय. डॉसमधून प्रोटेक्टेड मोडमध्ये जातो (पेजिंग त्यातच चालतं). एका पेज टेबलात (प्रोग्रामचा कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे, हे सांगणारा तक्ता) १०२४ एंट्र्या, प्रत्येकी ४ केबीचं एक पेज, म्हणजे सगळी रॅम जशीच्या तशी मॅप. इथवर सुरळीत.

आता टेक्स्ट स्क्रीनचं पेज, म्हणजे हेक्स बी८०००, मला २ एमबीवरच्या पेजकडे वळवायचंय. प्रोग्रामला वाटेल स्क्रीनवर लिहितोय, आणि मजकूर गुपचूप रॅममध्ये. (८० गुणिले २५, अक्षरामागे २ बाइट; ४००० बाइट, एका पेजात मावतात.) १८४व्या एंट्रीत ०००बी८०६३ होतं, तिथे ००२००००३ टाकलं आणि बी८०००वर लाल चांदणी (*) लिहिली. ती पडद्याच्या कोपऱ्यात ठसठशीत हजर!

गंमत म्हणजे मध्ये १ ते २ एमबी रॅम तपासायचं लूप ठेवलं की चांदणी दिसत नाही. रॅम संथ असेल म्हणून नुसतं डिले लूप लावलं, तर पुन्हा दिसते. दोन रात्री डोकं फोडतोय.

नाशिकरोडी
एंट्री बदलल्यावर इन्व्हएलपीजी दे, प्रोसेसरला त्या पेजची जुनी नोंद विसरायला लावणारी इन्स्ट्रक्शन. विषय संपला.

पंचवटीकर
दिली. ६ नंबरचं एक्सेप्शन, इनव्हॅलिड ऑपकोड.

जुनं_सोल्डर
येणारच. ती इन्स्ट्रक्शन ४८६पासून आली, ३८६ला ठाऊक नाही. पंचवटीकर, चांदणी लिहिल्यावर एंट्री परत वाचून बघितलीस का?

पंचवटीकर
आत्ता बघितली काका. ००२००००३. ठेवली तशीच आहे.

जुनं_सोल्डर
मग सापडलं. आधीच्या एंट्रीत शेवटी ६३ होते ना? त्यातले ६० तू टाकलेले नाहीस, प्रोसेसरने टाकलेत: ॲक्सेस्ड (पेज वापरलं) आणि डर्टी (पेजावर लिहिलं) बिट. नव्या एंट्रीत ते चढलेच नाहीत, म्हणजे लिहिताना तो टेबलाकडे फिरकलाच नाही. वहीत भाव बदललास, पण काउंटरवरच्या पोराला जुनाच पाठ.

हे पाठांतर टीएलबीत, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कॅशमध्ये असतं, ३८६मध्ये ३२ एंट्र्यांचं. तुझं रॅमचं लूप २५६ पेजेसवरून फिरतं, त्या गर्दीत बी८००० बाहेर ढकललं जातं. डिले लूप जागच्या जागी फिरतं, त्याने काही हलत नाही. चालतंय म्हणून ते लूप ठेवू नकोस हां, तो नशिबाचा खेळ आहे.

सीआर३ (पेजिंगच्या तक्त्यांचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) ईएएक्स या साध्या रजिस्टरमध्ये घे आणि तोच परत सीआर३मध्ये टाक. दोन ओळी. सगळाच टीएलबी रिकामा होतो, म्हणून बऱ्याच एंट्र्या बदलायच्या असतील तर आधी सगळ्या बदल, मग शेवटी एकदाच सीआर३.

पंचवटीकर
काका, जमलं! चांदणी गायब, एंट्री ००२०००६३, आणि २ एमबीवर वाचलं तर ०४२ए. लाल चांदणी तिथे बसलीय.

फक्त पेज परत बी८०००कडे वळवताना पुन्हा सीआर३ भरायला विसरलो. पडद्यावर काहीच उमटेना, आणि मी अर्धा तास कीबोर्डचा तो जाड ५ पिनी प्लग हलवत बसलो.