पामचा मधला कोंब हातात आला, झाड वाचेल का?

मदत हवी आहे. तीन वर्षांपूर्वी जमिनीत लावलेला ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी (विंडमिल पाम) आहे, खोड जेमतेम फूटभर. यंदा सलग दोन रात्री पारा उणे ११ पर्यंत उतरला. ही जात एवढी थंडी सोसते म्हणून मी निर्धास्त होतो, तरी जास्तीची काळजी म्हणून शेंडा प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळला. तिथेच माती खाल्ली बहुधा. महिन्याभराने सोडलं तर आत नुसतं पाणी साचलेलं.

परवा मधली न उघडलेली पात सहज ओढून पाहिली, तर सुळकन बाहेर आली. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत, आणि कुजक्या कांद्यासारखा वास. बाहेरची पंख्यासारखी पानं मात्र अजून हिरवीगार आहेत, त्यामुळे आशा सुटत नाही. पोकळीत ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, बराच वेळ फेसाळत होतं. आता वरून पाऊस लागू नये म्हणून उलटा टब धरलाय, बाजूंनी वारा खेळतो.

पामला वाढीचा कोंब एकच, तो मेला की खेळ खलास, हे ठाऊक आहे. पण तो जिवंत आहे की नाही हे ओळखायचं कसं? ताम्रयुक्त बुरशीनाशक आत्ता घालू की पोकळी आधी सुकू देऊ? कुणी खोड वरून पांढरा, टणक भाग लागेपर्यंत कापून झाड वाचवलंय का? माझा तर हातच धजत नाही.

आणि नवी पात दिसायला किती महिने वाट पाहिलीत तेही सांगा.